संशयाचा फायदा कोणाला?

सैन्यातून प्रकृतीच्या कारणाने खालची श्रेणी घेऊन परतलेल्या जवानाच्या घरी एक दिवस टपालाने लिफाफा येतो. आतील पत्र इंग्रजीत असते, जेमतेम अर्ध्या पानाचे असते, आणि त्याचा मथितार्थ एका वाक्यात सामावलेला असतो : आपले अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही व लष्करी सेवेमुळे बळावलेलेही नाही, सबब अपंगत्व निवृत्तिवेतनाचा आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे. पत्राच्या अखेरीस सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल, अशी एक ओळ असते. ती ओळ बहुधा कोणी वाचत नाही.

असेच एक पत्र गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने माझ्यासमोर ठेवले. त्याचे वडील २००२ साली भरती झाले आणि सतरा वर्षांची नोकरी पुरी करून २०१९ साली घरी परतले. अखेरच्या काही वर्षांत त्यांना उच्च रक्तदाबाचा विकार जडला होता. निवृत्तीपूर्वी बसलेल्या वैद्यकीय मंडळाने अपंगत्व तीस टक्के व कायमचे ठरविले, आणि त्याच कागदावर पुढच्या रकान्यात त्याचा सेवेशी संबंध नाही असेही लिहिले. कारण एवढेच की, विकार प्रथम नोंदला गेला तेव्हा जवान शांततेच्या ठाण्यावर होता. त्यापूर्वीची दोन वर्षे तो बर्फाच्छादित उंचीवर होता, याचा त्या कागदावर उल्लेख नाही. पत्र २०२० सालचे. तेव्हापासून ते ट्रंकेत पडून होते. अपील का केले नाही, असे विचारता वडिलांचे उत्तर मुलाने जसेच्या तसे सांगितले : "साहेबांनी नाही म्हटलं, म्हणजे नाही."

या उत्तरात सतरा वर्षांची शिस्त आहे. परंतु निवृत्तिवेतन हा हुकूम नव्हे, तो हक्क आहे. आणि हक्क नाकारणाऱ्या पत्रापुढे सावधान उभे राहण्याची गरज नसते. हा प्रश्न एका घराचाही नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत सैन्यात माणूस नाही असे घर शोधावे लागते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. अशा गावांत इंग्रजी पत्र वाचून दाखविण्याचे काम परंपरेने शाळेतील गुरुजी, कचेरीतील कारकून आणि कॉलेजात जाणारी मुले यांच्याकडे येते. म्हणून या पत्राचा अर्थ नीट समजून घेणे हे जवानाइतकेच आपलेही काम आहे.

कायद्याचे अभिवचन

सामान्य दिवाणी दाव्यात जो मागतो त्याने सिद्ध करावे, असा नियम असतो. सैनिकाच्या अपंगत्वाच्या बाबतीत कायद्याने हा नियम जाणूनबुजून उलटा केला. ब्रिटनमध्ये १९४३ साली, युद्ध ऐन भरात असताना, सिद्धतेचा भार दावेदाराच्या खांद्यावरून काढून सरकारवर ठेवण्यात आला. आपल्याकडील १९८२ च्या नियमावलीत हेच तत्त्व स्पष्ट शब्दांत आले. त्या नियमावलीचे सार चार वाक्यांत सांगता येईल. सेवेत प्रवेश करताना ज्या दोषाची नोंद झाली नाही, त्यापुरता जवान शरीराने व मनाने निरोगी होता, असे गृहीत धरावे. पुढे वैद्यकीय कारणाने तो सेवामुक्त झाल्यास प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला, असे मानावे. दावेदारास आपला हक्क सिद्ध करावयास सांगू नये, आणि वाजवी संशय असेल तेथे त्याचा फायदा त्यालाच द्यावा. आणि भरतीच्या तपासणीत हा विकार दिसणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मत असेल, तर ते मत कारणांसह नोंदवावे.

२००८ च्या नियमावलीने या गृहीतकाला काहीशी मुरड घातली. केवळ सेवाकाळात आजार प्रकट झाला एवढ्याने तो सेवेमुळेच झाला असे ठरत नाही, असे तीत म्हटले गेले. तरीही दावेदारावर सर्वसाधारणपणे सिद्धतेचा भार नाही, हे सूत्र कायम राहिले. सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षे उलटून दावा केल्यास मात्र तो भार त्याच्याकडे जातो.

हे तत्त्व म्हणजे सैनिकावर केलेली कृपा नव्हे. त्यामागे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यास पटेल असा विचार आहे. ज्या बाजूकडे माहिती असते, त्या बाजूने सिद्ध करावे, हे न्यायाचेही आहे आणि काटकसरीचेही. भरतीच्या वेळी जवानाची तपासणी सरकारच्या डॉक्टरांनी केली. त्याला कोठे पाठवावे, किती काळ ठेवावे, हे सरकारने ठरविले. तो आजारी पडला तेव्हा सरकारच्या रुग्णालयात राहिला, आणि त्या प्रत्येक मुक्कामाचा कागद सरकारच्याच कपाटात आहे. एकोणिसाव्या वर्षी निरोगी म्हणून स्वीकारलेला माणूस छत्तिसाव्या वर्षी आजारी म्हणून परत दिला जातो. मधल्या सतरा वर्षांचा हिशेब ज्याच्याजवळ आहे त्याने तो द्यावा, की ज्याच्याजवळ एक ट्रंक आहे त्याने?

दुसरी गोष्ट जोखमीची. गिरणीतील कामगाराला धोक्याचे काम नाकारता येते, निदान युनियनमार्फत भांडता येते. सैनिकाला बदली नाकारता येत नाही व संघटनाही करता येत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेही सशस्त्र दलातील व्यक्तीला आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. इतर सर्व दारे बंद करून त्याच्यासाठी जे एक दार ठेवले, ते अपंगत्व निवृत्तिवेतनाचे. या दाराची कडी आतून लावून घेण्याचा अधिकार मग कोणाला असावा, याचा विचार झाला पाहिजे.

नियम एक, व्यवहार दुसरा

प्रत्यक्षात काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी दिलेल्या निकालात आहे. 'सुप्रीम कोर्ट केसेस' या ग्रंथमालेच्या २०१३ च्या सातव्या खंडात पृष्ठ ३१६ पासून तो छापलेला आहे, आणि अपील लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो मिळवून वाचावा. सिग्नल्स दलातील एक शिपाई १९८५ साली भरती झाला. जवळजवळ नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ साली, अपस्माराच्या विकारामुळे वीस टक्के अपंगत्व ठरवून त्याला घरी पाठविण्यात आले. भरतीच्या वेळच्या कागदपत्रांत अशा कोणत्याही विकाराची नोंद नव्हती. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व लष्करी सेवेशी संबंधित नाही असे मत दिले. का नाही, ते लिहिले नाही. निवृत्तिवेतन नाकारले गेले. उच्च न्यायालयात तो एका न्यायमूर्तींपुढे जिंकला, खंडपीठापुढे हरला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात जिंकला. न्यायालयाने नियमावलीतील वर सांगितलेली तत्त्वे एकत्र मांडून दाखविली आणि कारणांवाचून दिलेले मत त्या गृहीतकावर मात करू शकत नाही, असा निर्वाळा दिला. १९९४ ते २०१३ ही एकोणीस वर्षे होतात. सेवेच्या दुप्पट काळ त्या माणसाने सेवेचे फळ मागण्यात घालविला.

त्याहीपूर्वी, १९९३ साली, याच न्यायालयाने आणखी एका दुखण्यावर बोट ठेवले होते. जवानाला प्रत्यक्ष तपासून मंडळाने ठरविलेली अपंगत्वाची टक्केवारी निवृत्तिवेतन कार्यालयात बसलेला अधिकारी, रुग्णाला न पाहताच, केवळ कागदावरून कमी करीत असे. हे चालणार नाही, फेरतपासणी केल्याखेरीज मंडळाचे मत बाजूला सारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. २०१४ साली आणखी दोन महत्त्वाचे निकाल आले. वैद्यकीय कारणाने ज्याला मुदतीपूर्वीच सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी असल्याचे सांगून त्याला रिकाम्या हाताने परत पाठविता येणार नाही, असे एकाने ठरविले. अपंगत्वाची टक्केवारी पन्नास, पंचाहत्तर वा शंभर अशा वरच्या टप्प्यावर नेण्याची २००१ च्या सरकारी पत्राने दिलेली सवलत मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांनाही लागू आहे, असे दुसऱ्याने ठरविले.

चित्राची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. न्यायालयाने प्रत्येक दावेदाराला कौल दिलेला नाही. २०१९ साली एका मानसिक विकाराच्या प्रकरणात, भरतीच्या तपासणीत आढळला नाही एवढ्यावरून प्रत्येक आजार सेवेमुळे झाला असे यांत्रिकपणे मानता येणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. वैद्यकीय मंडळाच्या मताला मान दिला पाहिजे, हेही न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. परंतु २०२५ साली तशाच विकाराने सेवामुक्त झालेल्या दुसऱ्या एका जवानाच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावले की, मंडळाने कारणे नोंदविणे ही अत्यावश्यक अट आहे. कारणांवाचून दिलेल्या मतावर कोणाचे निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही. हे निकाल एकत्र वाचले की त्यांतील विसंगती नाहीशी होते. डॉक्टरांच्या मताला मान आहे, पण तो त्यांच्या कारणांमुळे, हुद्द्यामुळे नव्हे.

नकार स्वस्त का होतो?

असे असता कारणांवाचून नकार देणारी पत्रे अजून का निघतात? यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मला वाटत नाही. कार्यालयाच्या रचनेत याचे उत्तर आहे. निर्णय घेणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. खोटा दावा मंजूर होणे ही एक, आणि खरा दावा फेटाळला जाणे ही दुसरी. पहिली चूक झाली की लेखापरीक्षक आक्षेप काढतो, फाईल पुन्हा उघडते, सही करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. दुसरी चूक झाली तर काहीही होत नाही. तिची किंमत कार्यालयाबाहेर, दूर कोठल्या तरी खेड्यात, एक कुटुंब मुकाट्याने भरीत राहते. ज्या चुकीची शिक्षा आपल्याला होते ती टाळावी आणि जिची शिक्षा दुसऱ्याला होते ती होऊ द्यावी, हा मनुष्यस्वभाव आहे. कायदा म्हणतो, संशय असेल तर द्या. कचेरीतील सोयीचे शहाणपण म्हणते, संशय असेल तर नाकारा. कायद्याने उलटा केलेला सिद्धतेचा भार कार्यालय अशा रीतीने पुन्हा सुलटा करून जवानाच्या डोक्यावर ठेवते.

या किमतीचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब करू. शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के, असा अपंगत्वाच्या भागाचा दर आहे. समजा, एखाद्या जवानाचे अखेरचे वेतन ४०,००० रुपये होते. शंभर टक्क्यांस १२,००० रुपये, म्हणून तीस टक्क्यांस ३,६०० रुपये. आणि तीसचे पन्नास धरण्याच्या सवलतीने ६,००० रुपये दरमहा. वर्षाचे ७२,००० झाले. महागाईची भर न धरताही वीस वर्षांत हा आकडा १४ लाख ४० हजारांवर जातो. ज्या घरात औषधाच्या गोळ्या महिन्याच्या वाणसामानाबरोबर मोजल्या जातात, त्या घराला सहा हजार रुपये म्हणजे काय, हे सांगावयास नको. आणि हे ज्याला साधे निवृत्तिवेतन तरी मिळते त्याच्याविषयी झाले. पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच ज्याला 'बोर्ड आउट' केले, त्याच्या बाबतीत दावा फेटाळला जाणे म्हणजे उदरनिर्वाहाचा आधारच जाणे होय.

दुसऱ्या बाजूस सरकारचा खर्च पाहावा. नाकारलेला दावा दोन अपिलांतून न्यायाधिकरणात जातो, तेथे जवान जिंकला तर पुष्कळदा सरकारच वरच्या न्यायालयात जाते. वकिलांचे शुल्क, अधिकाऱ्यांच्या खेपा, फायलींचा प्रवास आणि अखेर थकबाकी व बहुधा व्याजही; मूळ रक्कम देऊन टाकली असती तर यांतले काहीच लागले नसते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली सेवा व निवृत्तिवेतन यांविषयीच्या वादांचा आढावा घेण्यासाठी त्यांनी एक तज्ज्ञ समिती नेमली होती. अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने चालविलेली अपिले आवरावीत, हा त्या समितीच्या अहवालातील एक प्रमुख मुद्दा होता. त्यानंतर दहा वर्षांनीही सर्वोच्च न्यायालयाला तेच सांगावे लागते, यावरून रोग किती जुनाट आहे हे दिसते.

तिजोरीचा प्रश्न

यावर एक आक्षेप घेतला जातो, व तो टाळून चालणार नाही. सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, असा तो आक्षेप आहे. महालेखापालांनी २०२३ साली सादर केलेल्या अहवालात अपंगत्वाचा भाग घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच अधिक असल्याकडे आणि त्यांत रक्तदाब, मधुमेह यांसारख्या राहणीमानाशी निगडित विकारांचा वाटा मोठा असल्याकडे लक्ष वेधले होते. त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून नवी नियमावली अंमलात आली. त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना ती लागू आहे, आणि तिच्यात काही बाबतींत अटी अधिक कडक झाल्या आहेत.

सार्वजनिक पैशाचा गैरवापर होऊ नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण गैरवापर रोखण्याचा उपाय कोणता? कारणांवाचून दिलेला नकार हा तो उपाय खचित नव्हे, कारण तो खऱ्या-खोट्यात फरकच करीत नाही. किंबहुना त्याचा फटका नेमका उलट्या माणसाला बसतो. ज्याला इंग्रजी येते, वकील परवडतो, दिल्ली-मुंबईच्या खेपा घालता येतात, तो अपील करतो आणि जिंकतो. ज्याला यांतले काही जमत नाही तो पत्र ट्रंकेत ठेवतो. अशी चाळणी प्रामाणिकपणाची परीक्षा घेत नाही, साधनसंपत्तीची घेते. याउलट मंडळाने प्रत्येक दाव्यात कारणे लिहिली, तर खोटा दावा भक्कम पायावर नाकारता येईल आणि तो नकार न्यायालयातही टिकेल. कारणे देणे हे जवानाच्या जितके हिताचे तितकेच तिजोरीच्याही हिताचे आहे.

अपील कसे करावे?

आता ज्यांच्या हाती असे पत्र पडेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पत्रावरील तारीख आधी पाहावी. पहिले अपील सहा महिन्यांत करावयाचे असते. ते फेटाळले गेल्यास दुसरे. उशीर झाला असल्यास त्याची कारणे देऊन विलंब माफ करण्याची विनंती करावी. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग २०१५ च्या एका निकालाने बहुतांशी बंद झाला होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मोकळा केला.

अपील वैद्यकीय मुद्द्यावर असल्याने त्याचा प्राण कागदपत्रांत असतो. वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची संपूर्ण प्रत मिळवावी; ती सहजासहजी न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली मागावी. तिच्यासमोर भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल ठेवावा. त्यात विकाराची नोंद नाही, हे अपिलाचे पहिले वाक्य. कोणत्या वर्षी कोठे नेमणूक होती, त्यांतील कोणती ठाणी आघाडीची वा अतिउंचावरची, याची तारीखवार यादी करावी. लष्करी रुग्णालयात केव्हा राहावे लागले, श्रेणी केव्हा खाली आली, या तारखा त्या यादीशेजारी मांडाव्यात. हे दोन रकाने समोरासमोर आले की पुष्कळदा वेगळ्या युक्तिवादाची गरज उरत नाही. शक्य असल्यास एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत जोडावे आणि फेरतपासणीसाठी नवे मंडळ बसवावे, अशी मागणी करावी.

एक मुद्दा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'उद्भवणे' आणि 'बळावणे' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. विकार आनुवंशिक किंवा शरीरप्रकृतीचा आहे, असे मंडळ म्हणत असेल, तर तो सेवेमुळे उद्भवला नाही एवढेच फार तर ठरेल. सेवेच्या ताणाने, हवामानाने किंवा वेळेवर उपचार न मिळाल्याने तो बळावला का, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. नकारपत्रांत या दोन्ही गोष्टी एकाच दमात उरकलेल्या असतात. अपिलात त्या सुट्या कराव्यात आणि प्रत्येकीचे कारण स्वतंत्रपणे मागावे.

आणि उशीर झाला म्हणून हात जोडून बसू नये. निवृत्तिवेतन दरमहा देय असते. ते नाकारले जाणे हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय आहे, म्हणून जुना दावाही सर्वस्वी बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले आहे. मात्र थकबाकी सर्वसाधारणपणे दाद मागण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. त्याआधीची वर्षे बुडतात ती कायमची.

काय व्हावयास हवे?

सरकारने करावयाच्या गोष्टी फार मोठ्या खर्चाच्या नाहीत. नाकारणारे प्रत्येक पत्र कारणांसह असावे, आणि कारणांचा रकाना रिकामा असेल तर कागद वैद्यकीय मंडळाकडे परत जावा, जवानाकडे नव्हे. पत्राबरोबर मंडळाच्या कामकाजाची प्रत न मागता मिळावी. पत्र जवानाला समजेल अशा भाषेत असावे. भरतीची जाहिरात जर मराठीत लावता येते तर नकारही मराठीत कळविता येईल. जो प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला आहे, त्यावर सरकारने पुन्हा अपील करू नये. आणि खरा दावा फेटाळला गेल्याचे अपिलात सिद्ध झाल्यास त्याची नोंद निर्णय घेणाऱ्या कार्यालयाच्या नावे व्हावी, जशी चुकीच्या मंजुरीची होते. दोन्ही चुकांना सारखीच किंमत पडू लागली, म्हणजे कायद्याने दिलेला संशयाचा फायदा ज्याचा त्याला आपोआप पोहोचेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात एक लहानसे काम आहे. शाळेत, कचेरीत, कॉलेजात आपल्याला इंग्रजी पत्र वाचता येते, तारखांची यादी करता येते, अर्ज लिहिता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कोठे आहे हे शोधून काढून तेथपर्यंत कोणाची सोबत करणे, हेही अवघड नाही. स्वातंत्र्यदिनी जवानांच्या नावाने भाषणे करणारे आपण सारे, आपल्याच गल्लीतील निवृत्त नाईकाच्या ट्रंकेत काय पडून आहे याची चौकशी वर्षातून एकदा तरी करतो का?

त्या विद्यार्थ्याने आणि मी मिळून तीन संध्याकाळी बसून अपील लिहिले. नेमणुकांच्या तारखा वडिलांना तोंडपाठ होत्या. कागदावर फक्त उतरवून घ्याव्या लागल्या. उंचावरील दोन वर्षे आणि रक्तदाबाची पहिली नोंद यांत चार महिन्यांचे अंतर निघाले. अपील गेले आहे, उत्तर यावयाचे आहे. ते कसे येईल हे सांगता येणार नाही, आणि मधली वर्षे तर गेलीच. सही करताना वडिलांनी एकच विचारले : "यात साहेबांचा अपमान तर होत नाही ना?" त्यांना सांगितले की, नियम साहेबांनाही लागू आहे, आपण तेवढीच आठवण करून देत आहोत.